समाजमंदिरात शिलाई केंद्र, मालकी शिवणाऱ्या बायांची: सहकारी संस्था कशी उभी करावी?

मांजराकाठ

नमस्कार मंडळी. आमचं गाव औसा तालुक्यात, 1993 च्या भूकंपानंतर नव्या जागी वसलेलं. रुंद रस्ते, एकसारखी घरं आणि एका कडेला मोठं समाजमंदिर. लग्न, तेरवी, जयंती आणि मतदान सोडलं तर त्याला वर्षभर कुलूप. चावी ग्रामपंचायतीच्या शिपायाकडे असते.

शिलाई येणाऱ्या बाया गावात पुष्कळ आहेत. बहुतेकींच्या घरी पायाची मशीन आहे. 2024-25 ला राज्यभर एकाच कापडाचे शाळेचे गणवेश बचत गटांच्या बायांकडून शिवून घ्यायचं ठरलं, तेव्हा आमच्या बायांनीही ते काम केलं. पुढच्या वर्षी तो निर्णय फिरला आणि गणवेश पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेले. पण त्या एका हंगामात बायांना कळलं, की आपण ब्लाउज-फॉल-पिकोच्या पलीकडचं, ढिगानं येणारं काम उरकू शकतो.

आता शहरातला एक व्यापारी कापलेलं कापड घरपोच टाकतो आणि शिवलेले पीस उचलून नेतो. दर तो सांगेल तो, पैसे दीड-दोन महिन्यांनी, वर 'डॅमेज' म्हणून कापतो ते वेगळंच. प्रत्येक बाई आपापल्या घरात एकटी शिवते, शेजारणीला काय दर मिळतो ते हिला माहीत नसतं. व्यापाऱ्याचं सगळं या न कळण्यावरच चाललंय.

मनात असं आहे की या बायांनी एका छताखाली यावं, शाळा समित्यांकडून, दवाखान्यांकडून, दुकानांकडून थेट ऑर्डर घ्याव्यात आणि संस्था त्यांचीच असावी. वर कुणी मॅडम नको, ठेकेदार नको. जी मशीनवर बसते तीच मालक.

आपल्या भागाला सहकार नवा नाही. साखर कारखाने, सूतगिरण्या, दूध संघ, पतसंस्था सगळं पाहिलंय. पण कारखान्याचा सभासद म्हणजे ऊस पिकवणारा शेतकरी. फडात ऊस तोडणारी बाई सभासद नाही आणि गव्हाणीपाशी उभा असलेला कामगारही नाही. राबणाऱ्याच्या मालकीचा सहकार आपल्याकडे फारसा कुणी केलेला नाही आणि मला तोच करायचा आहे.

नोंदणीचं काय, समाजमंदिर रीतसर कसं मिळवावं आणि पुढं भांडणं होऊ नयेत म्हणून आधी काय काय लिहून ठेवावं, यावर जाणकारांनी सांगावं.

हिशेबनीस

मांजराकाठ ताई, सहकार खात्याच्या कागदांशी माझा बरीच वर्षं संबंध आला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 खाली नोंदणीला किमान दहा व्यक्ती लागतात आणि त्या दहाही वेगवेगळ्या कुटुंबांतल्या हव्यात. गावोगावी ही अट हमखास विसरली जाते. सासू-सून, जावा-जावा मिळून दहा भरवतात आणि प्रस्ताव परत येतो. एका घरच्या दोघींनी सभासद व्हायला हरकत नाही, पण पहिल्या दहा मोजताना घर एकदाच धरा. पंधरा-सोळा घरं सोबत घेऊनच सुरुवात करा, कारण सहीच्या वेळी दोन-तीन घरं मागं सरतातच.

पहिली बैठक घ्या, तिचं इतिवृत्त लिहा, मुख्य प्रवर्तक (नोंदणीचं काम पुढं नेणारी बाई) निवडा. मग संस्थेच्या नावाला मंजुरी, बँकेत खातं, त्यात प्रत्येकीच्या भागाची (शेअरची) रक्कम, पोटनियमांचा (संस्थेच्या स्वतःच्या नियमांचा) मसुदा, कामाची योजना, जागेचा कागद असा प्रस्ताव तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयात द्यायचा. निर्णयाला कायद्यात दोन महिन्यांची मुदत आहे. पोच शिक्का आणि तारखेसह घ्या, तोंडी "ठेवून जा" वर विसंबू नका.

आता तुमच्या हेतूला धरून कायद्यात काय आहे ते सांगतो. एका सभासदाला एकच मत, तिचे भाग दोन असोत की दोनशे. एकूण भागभांडवलाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त भाग कुणा एकीच्या नावावर राहू शकत नाहीत. निव्वळ नफ्यातला किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावाच लागतो. आणि भागावरचा लाभांश निबंधकांच्या मंजुरीशिवाय 15 टक्क्यांच्या वर देता येत नाही. म्हणजे पैसे गुंतवून घरी बसून कमवावं असं या कायद्यात फार काही ठेवलेलंच नाही. तुम्हाला हवं तेच आहे. बायांना मोबदला मिळायचा तो शिलाईच्या दरातून आणि वर्षाअखेरीच्या बोनसमधून, तोही ज्या-त्या बाईच्या कामाच्या प्रमाणात. तसा बोनस द्यायचा असेल तर पोटनियमात आधीच लिहा, मागाहून घालायला सभा, ठराव, पुन्हा मंजुरी असा फेरा पडतो.

गोदाकाठ

ताई, हेतू चांगला आहे, पण मी नांदेडकडच्या गटांसोबत काम करतो आणि माझं मत वेगळं आहे. बचत गट आहे तोच चालू ठेवा. नोंदणी झाली की दप्तर वाढतं. दरवर्षी लेखापरीक्षण, 30 सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा, पाच वर्षांनी निवडणूक. बायांनी शिवायचं की फायली सांभाळायच्या? गटाला बँकेचं कर्ज मिळतं, उमेदकडून (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाकडून) फिरता निधी मिळतो, ग्रामसंघाचा (गावातल्या गटांच्या संघाचा) आधार असतो.

नोंदणी हवीच असेल तर उत्पादक कंपनीचाही (कंपनी कायद्याखाली उत्पादकांनीच काढायची कंपनी) विचार करा. तिलाही दहा उत्पादक व्यक्ती पुरतात, एका सभासदाला एकच मत असतं आणि कायद्यातल्या व्याख्येत हातमाग, हस्तकला, कुटीरोद्योग यांचं उत्पादन येतं. सहकार खात्याच्या चकरा वाचतील.

वाकळ

मी स्वतः शिवते. लातूरला एका गारमेंटच्या कारखान्यात होते, आता घरीच काम करते, म्हणून दादांना उत्तर देते.

बचत गट वाईट नाही, माझाही आहे. पण गट बचतीसाठी आणि कर्जासाठी असतो. त्यात शिवणारी एक, शेळ्या पाळणारी एक, किराणा दुकानवाली एक. शिवणारीच्या घामाचा हिशेब त्या दोघींपुढं का व्हावा आणि नफा समान का वाटावा? दुसरं, गट कायद्यानं स्वतंत्र संस्था नसतो. मोठी ऑर्डर, करार, मशीन, सगळं शेवटी कुणातरी एकीच्या नावावर जातं. मी पाहिलंय, मशीनची पावती अध्यक्षाच्या नावाची होती आणि गट मोडला तेव्हा मशीन तिच्या घरात राहिली. तिची दानत वाईट होती असं नाही, कागदच तसा होता. नोंदणीकृत संस्था असली की मशीन संस्थेची राहते, अध्यक्ष कुणीही होऊ दे.

आता कामाचं बोलते. भांडण पैशावरून होतं आणि पैशाचं भांडण मोजणीवरून होतं. कारखान्यात आम्ही काय करत होतो सांगते. कटिंग मास्टर वीस-वीस पिसांचं बंडल बांधायचा आणि त्यावर चिठ्ठी लावायचा: माप, नग, बंडल नंबर. बंडल उचलणारी बाई वहीत सही करून आपल्या रंगाचा दोरा बंडलाच्या गाठीला बांधायची. माझा दोरा जांभळा होता. कॉलर एकीनं, बाही दुसरीनं, जोडणी तिसरीनं केली तर गाठीवर तीन रंग दिसायचे. माल उसवून परत आला की शिलाई पाहून आणि दोरा पाहून लगेच कळायचं कुणाकडून राहिलं. आवाज न चढवता जिची तिला परत जायची. ज्यांना अक्षरओळख कमी त्या बायासुद्धा आठवड्याला आपले दोरे मोजून हिशेब बिनचूक सांगायच्या. हे तुम्ही पहिल्या दिवसापासून करा.

दराचंही तसंच, उघडा ठेवा. समजा शर्टामागं 60 रुपये मिळाले. कटिंगला 8, शिलाईला 35, काज-बटणाला 5, धागा आणि वीज 5, म्हणजे उरले 7, ते संस्थेचे. हा हिशेब भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. प्रत्येक ऑर्डरचा वेगळा. व्यापाऱ्याच्या हाताखाली आम्हाला हे एकच कधी कळलं नाही, की साठातले आमच्यापर्यंत किती आले.

धारूरघाट

वाचतोय. वाकळताईंचं लिहिणं जपून ठेवावं असं.

मी बीड जिल्ह्यातला. आमच्याकडे असं काही उभं करायचं म्हटलं तर दोन अडचणी आधीच उभ्या राहतात आणि तुमच्याकडेही कमी-अधिक असतीलच.

एक म्हणजे ऊसतोड. दसरा-दिवाळी झाली की अर्धं गाव कारखान्यांवर जातं आणि उन्हाळ्यात परत येतं. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्यांनी मुकादमाकडून उन्हाळ्या-पावसाळ्यातच उचल घेतलेली. ती फिटेपर्यंत सुटका नाही. अशी बाई तुमच्या संस्थेत जून ते सप्टेंबर शिवेल आणि मग जाईल. ती सभासद राहणार की नाही? तुम्ही लिहिलंय, जी मशीनवर बसते तीच मालक. मग ही सहा महिने मशीनवर नसते. तिला वगळलं तर ज्या बाईला या कामाची सगळ्यात जास्त गरज आहे तीच बाहेर राहिली. माझं कळकळीचं सांगणं आहे, हिच्यासाठी आधी जागा करा. ती फडावर का जाते? उचल घेतली म्हणून. उचल का घेते? पावसाळ्यात घरात दाणा नसतो, लेकरांची शाळा, दवाखाना, पेरणी. तिला त्याच महिन्यांत संस्थेनं शिलाईवर थोडी आगाऊ रक्कम दिली तर कदाचित एक कोयता कमी होईल. गणवेशाचं काम नेमकं याच महिन्यांत असतं, हे लक्षात घ्या.

दुसरी अडचण पैशाच्या विश्वासाची. आमच्या भागात गेल्या काही वर्षांत ठेवी बुडाल्यात. लेकीच्या लग्नाला ठेवलेले, जमीन विकून आलेले पैसे लोकांनी जास्त व्याजाच्या आशेनं ठेवले आणि एक दिवस शाखेला कुलूप दिसलं. आता भागाचे हजार रुपये मागायला गेलात तर बाई आधी हेच विचारणार, "माय, हे बी तसलंच नाही ना?" तिला चिडू नका. भाग आणि ठेव यातला फरक तिच्या दारात बसून समजावून सांगा. संस्थेनं कुणाकडूनही ठेवी घ्यायच्या नाहीत असं पोटनियमातच घाला आणि ते सगळ्यांसमोर वाचून दाखवा.

गोदाकाठ

धारूरघाट भाऊ, हा मुद्दा पटला. वाकळताईंचा मशीनच्या पावतीचाही पटला. नोंदणीला माझा विरोध नाही, फक्त दप्तर कोण सांभाळणार हे आधी ठरवा.

एक सुचवतो. सरपंचबाईंना अध्यक्ष करा किंवा निदान सभासद करून घ्या. जागा लगेच मिळेल, कार्यालयातली कामं अडणार नाहीत.

वाकळ

दादा, हे मात्र नाही. अजिबात नाही.

सरपंचबाई शिवतात का? शिवत असतील तर पहिली सही त्यांची. शिवत नसतील तर सभासद होता येत नाही, अध्यक्ष तर लांबच. आज जागा मिळावी म्हणून एकीला घेतलं की उद्या कर्ज मिळावं म्हणून दुसऱ्याला, परवा टेंडर मिळावं म्हणून तिसऱ्याला. मग सभेत हात वर करणाऱ्या जास्त आणि सुईत दोरा ओवणाऱ्या कमी. मजूर संस्थांचं काय झालं ते सगळ्यांना दिसतंय. सरकारी कामांत मजुरांच्या संस्थांना वाटा राखून ठेवला तो हातात फावडं घेणाऱ्यासाठी. किती ठिकाणी त्या संस्था खरोखर मजुरांच्या हातात राहिल्या?

सरपंचबाईंना मानानं बोलवा, उद्घाटनाला नारळ त्यांच्या हातून फोडा. मत मात्र देऊ नका.

हिशेबनीस

वाकळताईंशी पूर्ण सहमत. या संस्थेचा जीव सभासदत्वाच्या व्याख्येत आहे. बाकीचे पोटनियम नमुन्यातून उचलले तरी चालतील, हा एक मात्र स्वतः बसून लिहा. नमुना पोटनियमात साधारण "कार्यक्षेत्रातील रहिवासी, वय 18 पूर्ण" एवढंच असतं आणि त्या दारातून गाव आत येतं. तुम्ही पात्रतेत कामाची अट घाला: संस्थेच्या कामावर ठरावीक महिने प्रत्यक्ष काम केलेली व्यक्तीच सभासद. काम कायमचं सोडलं की भाग परत आणि सभासदत्व संपलं. ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी "वर्षातून अमुक इतके दिवस काम" अशी अट ठेवली की सलग हजेरीचा प्रश्न उरत नाही. धारूरघाटांची शंका तिथंच मिटते.

याला आणखी एक बाजू आहे, तीही लिहून ठेवा. काम वाढलं की संस्था रोजंदारीवर बाहेरच्या बाया घेते. त्या सभासद नसतात, त्यांचा दर कमी असतो आणि दोन-चार वर्षांत जुन्या सभासद मालकिणी आणि नव्या बाया मजूर होतात. जगभर कामगारांच्या संस्था अशाच घसरल्या आहेत. म्हणून उमेदवारीचा (शिकाऊपणाचा) काळ ठरवा, समजा सहा महिने, त्यानंतर तिला सभासदत्व नाकारता येऊ नये आणि तिचा पीसचा दर पहिल्या दिवसापासून सारखाच.

उत्पादक कंपनीबद्दल: मार्ग चुकीचा नाही, पण कंपनी कायद्याची वार्षिक विवरणपत्रं आणि त्यासाठीचा सीए-सीएसचा (सनदी लेखापाल आणि कंपनी सचिव यांचा) खर्च एवढ्या लहान संस्थेला जड जातो. तालुक्याचं सहायक निबंधक कार्यालय निदान एसटीनं गाठता येतं.

पूर्णेकर

मूळचा परभणीचा, सध्या पुण्यात. हे आपल्याकडे जमत नाही असं वाटणाऱ्यांसाठी दोन-तीन उदाहरणं.

पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायांची संघटना 1993 पासून आहे, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. त्यातूनच 2008 साली 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली. दारोदार कचरा गोळा करणारे स्वतःच तिचे सभासद आणि महापालिकेशी करार संस्थेचा. केरळात 1925 साली अवघ्या काही मजुरांनी काढलेली उरालुंगल मजूर सहकारी संस्था आज मोठे रस्ते आणि पूल बांधते. 1950 च्या दशकाच्या अखेरीस कॉफी बोर्डानं आपली कॉफी हाऊसं बंद करायला घेतली, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या पुढाकारानं तिथल्या वाढप्यांनी आणि स्वयंपाक्यांनीच सहकारी संस्था काढून ती चालवायला घेतली. कितीतरी ठिकाणी ती अजून चालू आहेत.

लिज्जत पापडाचं नाव सगळे घेतात. 1959 ला गिरगावात सात बायांनी 80 रुपये उसने घेऊन सुरू केलेलं काम. गंमत म्हणजे ती कायद्यानं सहकारी संस्था नाही, 1966 साली तिची नोंदणी सोसायटी नोंदणी कायद्याखाली झाली. पण लाटणारी प्रत्येक बहीण मालक हा नियम त्यांनी पाळला. वाकळताई म्हणतात तेच त्यांनीही केलं: पीठ मळणं, लाटणं, तपासणं, प्रत्येक टप्प्याचा दर आणि मोजणी उघड.

वस्तीवरची

जागेवर अजून कुणी नीट बोललं नाही म्हणून लिहिते.

ताई, तुमच्या गावचं समाजमंदिर कोणत्या वस्तीत आहे? "एका कडेला" असं लिहिलंय म्हणून विचारते. आपल्या भागात बऱ्याच गावांत समाजमंदिर बौद्ध वस्तीत, मातंग वस्तीत, समाजकल्याणच्या निधीतून बांधलेलं असतं. तुमचंही तसं असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव घेऊन भागत नाही. कागदावर मालकी ग्रामपंचायतीची असेल, पण ती वस्तीची हक्काची एकमेव जागा आहे. अभ्यासिका तिथं, वंदना तिथं, 14 एप्रिलची बैठक तिथं, बारसं तिथं. गावानं आजवर तिकडं पाहिलं नाही आणि आता मशीन ठेवायला रिकामं दिसलं म्हणून आत येणार, असं वस्तीतल्या माणसाला वाटलं तर ते रास्तच आहे.

म्हणून आधी वस्तीत बैठक घ्या. ग्रामसभेच्या आधी. तिथल्या शिवणाऱ्या बाया पहिल्या दहांत हव्यात, नंतर "घेऊ त्यांनाही" असं नको. आणि दुसरी बाजूही विचारा, मोकळेपणानं. गावातल्या बाकीच्या बाया रोज त्या समाजमंदिरात येऊन बसतील का? एका माठातलं पाणी पितील का? डबा एकत्र खातील का? हे आज विचारायला अवघड वाटतं, पण मशीन बसवल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. मी तर म्हणते, तिथंच यायचं ही अटच ठेवा. ज्यांना वस्तीत यायला कमीपणा वाटतो त्यांच्यासाठी दुसरी जागा शोधत बसू नका. एका छताखाली मालक व्हायचं असेल तर ते छत हेच.

धारूरघाट

वस्तीवरची ताई, तुम्ही लिहिलंत ते फार गरजेचं होतं.

मांजराकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. मधले काही दिवस बैठकांतच गेले.

वस्तीवरची ताई, हो, समाजमंदिर बौद्ध वस्तीलगतच आहे. तुमचं वाचल्यावर आधी वस्तीत गेलो. दोन तास बोलणं झालं. एका अक्कांनी सरळ विचारलं, "लेकरं अभ्यासाला बसत्यात तिथं, ती कुठं जातील?" त्यावर सगळ्यांनी मिळून ठरवलं ते असं. हॉलची मागची बाजू मशीनला. मध्ये भिंत नाही, घडीचं लोखंडी जाळीचं दार. संध्याकाळी सहानंतर पुढची बाजू अभ्यासिकेला, लाइट आणि पंखे संस्थेच्या खर्चानं. एप्रिलचा जयंतीचा आठवडा काम बंद, कापड आणि माल जाळीमागं कुलपात. लग्नाला हॉल लागला तर चार दिवस आधी सांगायचं. वस्तीतल्या पाच घरांच्या बाया पहिल्या यादीत आहेत. बाकी गावातल्या बायांशीही बोलले. दोघींच्या घरच्यांनी नकार दिला, त्यांची नावं काढली. बाकीच्या येणार आहेत.

वस्तीची संमती इतिवृत्तात सह्यांसह आहे. आता ग्रामपंचायतीचा ठराव आणि 1 मेच्या ग्रामसभेत मंजुरी. भाडं थोडं का असेना, पण द्यायचंच असं बायांचं म्हणणं पडलं. फुकट घेतलं की सत्ता बदलली की बाहेर काढतील, पावती असली की बोलायला तोंड राहतं, असं त्याच म्हणाल्या.

धारूरघाट भाऊ, आमच्यातही तिघी फडावर जाणाऱ्या आहेत. वर्षाला ठरावीक दिवस काम ही अट ठेवतोय. पावसाळ्यात शिलाईवर आगाऊ देण्यासाठी संस्थेच्या वाट्यातून वेगळा निधी काढायचा असंही लिहिलंय. पहिल्या वर्षी तो फार मोठा होणार नाही, पण त्याचं नाव आणि नियम आताच घातले. भागाची रक्कम एकदम भरणं जमत नाही म्हणणाऱ्यांना हप्ते देतोय.

वाकळताई, रंग वाटून झाले. लाल दोऱ्यावरून थोडी ओढाताण झाली, बाकी सुरळीत.

हिशेबनीस

उत्तम. ठरावात जागेचा वापर, भाडं, मुदत आणि वीजबिल कोण भरणार हे चारही स्पष्ट लिहून घ्या. फक्त "समाजमंदिर देण्यास मंजुरी" असा एका ओळीचा ठराव निबंधकांकडेही चालत नाही आणि पुढं वादातही टिकत नाही. सूचक आणि अनुमोदक यांची नावं असू द्या.

जीएसटीचं विचारलं नाहीत, तरी सांगतो. दुसऱ्याचं कापड शिवून द्याल तेव्हा ती सेवा धरली जाते आणि नोंदणीची मर्यादा वर्षाला 20 लाखांची. स्वतः कापड घेऊन तयार माल राज्यातल्या राज्यातच विकलात तर ती 40 लाखांची. दोन्ही करणार असाल तर हिशेबाच्या वह्या पहिल्यापासून वेगळ्या ठेवा.

गोदाकाठ

दप्तराचं काय ठरलं?

मांजराकाठ

दादा, बी.कॉम. झालेली एक सून आहे, शिवतेही. दोन तास दप्तर, बाकी वेळ मशीन. दप्तराच्या तासांचाही दर ठरवलाय, कारण तेही कामच आहे. दर शनिवारी ती जमाखर्च मोठ्यानं वाचणार, सगळ्यांनी ऐकल्याशिवाय आठवड्याचे पैसे वाटायचे नाहीत. एकीनं सुचवलं की वाचणारी दर तीन महिन्यांनी बदलावी, म्हणजे वाचायला येणाऱ्या वाढतील. तेही घेतलं.

एक प्रश्न विजेचा. समाजमंदिराचं मीटर ग्रामपंचायतीचं, सिंगल फेज. शेतीचे पंप चालू झाले की व्होल्टेज पडतं. किती मशीन चालतील?

वाकळ

सर्व्हो मोटरवाल्या मशीन घ्या, जुन्या क्लच मोटरच्या स्वस्त मिळतात म्हणून घेऊ नका. क्लच मोटर तुम्ही शिवा न शिवा, गुरगुरत फिरत राहते आणि वीज खाते. सर्व्हो पाय दाबला तरच चालते. सिंगल फेजवर अशा सहा-सात मशीन आणि एक ओव्हरलॉक (कापडाच्या कडा पक्क्या करणारी मशीन) आरामात निघतील. इस्त्री मात्र वेगळ्या वायरवर घ्या, भार तिचाच असतो. उपमीटर बसवून घ्या, म्हणजे अभ्यासिकेची वीज किती आणि तुमची किती यावर कुणी बोलायला नको. पायाच्या मशीनही घरून आणून एका ओळीत ठेवाच. लाइट गेली की कॉलर, खिसे, बटणपट्टी त्यांवर चालू राहतं.

माझ्या ओळखीत एक जुनी ओव्हरलॉक निघतेय, सुया आणि लूपर नवे टाकलेत. मी स्वतः चालवून पाहिलीय. तुमचं वायरिंग झालं की सांगा, लातूरहून टेम्पोत घालून मीच घेऊन येते आणि दोन दिवस राहून बायांना टाके कसे लावायचे ते दाखवते. पावती संस्थेच्या नावानंच करायची, तोवर नोंदणी झाली नसेल तर मशीन माझ्याकडेच राहू दे.

मांजराकाठ

ताई, अवश्य या. मुक्काम आमच्याकडेच. वायरमनला सोमवारचं सांगितलंय, काम झालं की लगेच फोन करते. पोटनियमांतलं सभासदत्वाचं कलम आज रात्री इथं टाकते. हिशेबनीस काका, त्यावर एकदा नजर टाका, विशेषतः काम सोडलेल्या बाईला भाग किती दिवसांत परत द्यायचा तिथं आमचं अजून एकमत झालेलं नाही. काही जणी तीन महिने म्हणतात, काही जणी वर्षाचा हिशेब पूर्ण झाल्यावर.

हिशेबनीस

टाका. वर्षाच्या हिशेबानंतर देणं संस्थेला सोपं जातं, पण घरातून अडचणीमुळं निघालेल्या बाईला इतकं थांबणं परवडत नाही. अर्धी रक्कम तीन महिन्यांत आणि उरलेली लेखापरीक्षणानंतर, असं करता येईल का ते बायांना विचारून पाहा. मसुदा आला की ओळीनं वाचून कळवतो.